काचटाकीतील समुद्रघोडा : पाणी, अन्न आणि अधिकार यांचा इतिहास (नंदुरबार जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

सारांश

समुद्रघोडा हा खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत जगवण्यास अत्यंत कठीण असा मासा मानला जातो. प्रस्तुत निबंधात या माशाच्या संगोपनाचा एकोणिसाव्या शतकापासूनचा इतिहास तपासला आहे. समुद्राचे पाणी समुद्रापासून दूर टिकवण्याचा प्रश्न एकोणिसाव्या शतकाने बव्हंशी सोडवला. समुद्रघोड्याला पोसण्याचा प्रश्न मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत रेंगाळला. अन्नाचा प्रश्न सुटत असतानाच भारतात २००१ साली या प्राण्याला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि ‘कसे पाळावे’ या प्रश्नाची जागा ‘कोणी पाळावे’ या प्रश्नाने घेतली. समुद्रकिनारा नसलेल्या नंदुरबारसारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयांना या इतिहासाचा काय उपयोग आहे, याचा विचार शेवटी केला आहे.

बीजसंज्ञा : समुद्रघोडा, मत्स्यालय, कृत्रिम समुद्रजल, आर्टेमिया, वन्यजीव संरक्षण अधिनियम, नंदुरबार.

१. प्रस्तावना

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी या सहा तालुक्यांच्या या आदिवासीबहुल जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते, तर तापी जिल्ह्यातून वाहत पुढे गुजरातमध्ये सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. सुरत–भुसावळ लोहमार्गाने नंदुरबार सुरतेशी जोडलेले आहे. सरळ रेषेत हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर भरते. समुद्र असा फार दूर नसला तरी जिल्ह्याच्या जीवनात तो नाही. येथील मासेमारी, मत्स्यबीज आणि मत्स्यव्यवसाय हे सर्व गोड्या पाण्याचे आहे.

असे असूनही समुद्रघोडा येथील विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला अपरिचित नाही. भारतातील प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत ‘हिप्पोकॅम्पस’ हा ओळखण्यासाठी ठेवला जाणारा नेहमीचा नमुना आहे. फॉर्मालिनच्या बरणीतील पिवळसर, ताठ झालेला तो देह पाहून विद्यार्थी वर्गीकरण लिहितो, नराच्या पोटाजवळील पिशवी दाखवतो आणि गुण मिळवतो. परंतु हा प्राणी जिवंत कसा राहतो, काय खातो आणि काचेच्या टाकीत आणल्यावर इतक्या लवकर का मरतो, हे प्रश्न बरणीबाहेरच राहतात. प्रस्तुत निबंधाचा विषय हे प्रश्नच आहेत.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

(१) मत्स्यटाकीतील समुद्रघोड्याच्या संगोपनाच्या इतिहासातील प्रमुख टप्पे स्पष्ट करणे.
(२) भारतात, विशेषतः पश्चिम किनाऱ्यावर, या विषयात झालेल्या कार्याची नोंद घेणे.
(३) कायदेशीर संरक्षणाचा संगोपनाच्या ज्ञानावर झालेला परिणाम तपासणे.
(४) समुद्रापासून दूर असलेल्या महाविद्यालयांच्या दृष्टीने या इतिहासाचे महत्त्व विशद करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे.

३. शरीररचना : अडचणीचे मूळ

समुद्रघोडा हा दिसण्यात विचित्र असला तरी अस्थिमत्स्यच आहे. त्याच्या अंगावर खवले नसून त्वचेखाली हाडांच्या पट्ट्यांची कडी असतात. शेपटीला पर नसतो. ती वेटोळे घालून गवत, प्रवाळ किंवा काडीला धरून राहण्याच्या कामी येते. पोहण्याचा मुख्य भार पाठीवरच्या लहानशा परावर असल्याने हा मासा वेगवान प्रवाहात टिकत नाही. रफिनेस्क या निसर्गशास्त्रज्ञाने १८१० साली ‘हिप्पोकॅम्पस’ हा वंश निश्चित केला. भारतीय किनाऱ्यावर आढळणाऱ्या ‘हिप्पोकॅम्पस कुडा’ या जातीचे वर्णन ब्लीकर याने १८५२ मध्ये केले. फ्रान्सिस डे यांच्या १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झालेल्या भारतीय माशांवरील ग्रंथातही समुद्रघोड्यांचा समावेश आहे.

संगोपनाच्या दृष्टीने दोन बाबी निर्णायक ठरतात. पहिली, समुद्रघोड्याला दात नाहीत आणि जठरही नाही. नळीसारख्या तोंडाने तो भक्ष्य ओढून घेतो आणि ते आतड्यातून वेगाने पुढे सरकते. त्यामुळे एकदा भरपेट खाऊन दिवसभर राहणे त्याला शक्य नसते. थोडे थोडे, पण वारंवार खाणे ही त्याची गरज आहे. दुसरी, तो भक्ष्याचा पाठलाग करत नाही, दबा धरून बसतो. चपळ माशांच्या टाकीत ठेवलेला समुद्रघोडा अन्न डोळ्यांसमोर असूनही उपाशी राहतो. पूर्वी पाळणाऱ्यांना हा मासा ‘नाजूक’ वाटला, तो मुख्यतः या दोन कारणांमुळे. बहुतेक वेळा त्याला आजाराआधी भूक मारत असे.

४. पाण्याचा प्रश्न

सागरी जीव काचेच्या पात्रात ठेवून पाहण्याचा शास्त्रीय उपक्रम झान व्हिलप्रू-पॉवर यांनी १८३२ च्या सुमारास सिसिलीतील मेसिना येथे केला. तेथे समुद्र दारातच होता. अ‍ॅना थिन यांनी १८४६ मध्ये टॉर्की येथील प्रवाळ लंडनमध्ये आणून जगवले, तेव्हा पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुन्हा पुन्हा ओतून त्यात हवा मिसळावी लागत असे आणि हे काम घरातील मोलकरणीकडे होते. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी वनस्पती, गोगलगाय आणि मासे यांच्यातील समतोलाचे तत्त्व मांडले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह सुरू झाले. त्याच्या उभारणीशी संबंधित असलेल्या फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ मध्ये साधे मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड या चार क्षारांपासून कृत्रिम समुद्रजल तयार करण्याची रीत प्रसिद्ध केली.

गॉस यांच्या या रीतीने समुद्रकिनारा आणि मत्स्यटाकी यांचा अनिवार्य संबंध तुटला. क्षार मोजून घालता आले तर समुद्र कोठेही ‘तयार’ करता येतो, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. आज नंदुरबारसारख्या ठिकाणी खाऱ्या पाण्याची टाकी तत्त्वतः शक्य आहे, ती या १८५४ च्या कल्पनेमुळेच. बाजारात मिळणारी सागरी क्षारमिश्रणे ही याच रीतीची अधिक परिपूर्ण रूपे होत.

क्षारांपाठोपाठ मलमूत्राचा प्रश्न होता. माशांनी सोडलेला अमोनिया नायट्राइटमध्ये आणि नायट्राइट नायट्रेटमध्ये बदलणाऱ्या जिवाणूंचे कार्य विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास उलगडले. तरीही त्याचा घरगुती टाकीत जाणीवपूर्वक उपयोग होण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. जिवंत जिवाणू, जिवंत खडक आणि हलका वायुप्रवाह यांच्या साहाय्याने टाकी राखण्याची नैसर्गिक पद्धत जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केली. येथवर पाण्याचा प्रश्न बव्हंशी सुटला होता. समुद्रघोडे मात्र या स्वच्छ पाण्यातही मरतच होते.

५. अन्नाचा प्रश्न

नर समुद्रघोडा मादीने दिलेली अंडी पिशवीत वाढवतो आणि पिलांना जन्म देतो. जातीनुसार ही संख्या मोजक्या पिलांपासून हजाराहूनही अधिक असू शकते. टाकीत प्रसूती होणे ही तुलनेने सोपी गोष्ट होती, कारण पकडलेला नर अनेकदा आधीच गर्भवती असे. अवघड होते ते जन्मलेल्या पिलांना पहिल्या दिवसापासून, त्यांच्या इवल्या तोंडात मावेल असे आणि हालचाल करणारे अन्न पुरवणे.

या दिशेने पहिले मोठे साहाय्य आर्टेमिया या खाऱ्या तळ्यांतील कवचधारी जिवाने केले. त्याची अंडी वाळवून वर्षानुवर्षे ठेवता येतात आणि खाऱ्या पाण्यात घातल्यावर सुमारे एका दिवसात उबतात. माशांच्या पिलांचे अन्न म्हणून तिचा उपयोग सील यांनी १९३३ मध्ये अमेरिकेत आणि रोलेफसन यांनी १९३९ मध्ये नॉर्वेत दाखवून दिला. परंतु केवळ आर्टेमियावर वाढवलेली समुद्रघोड्याची पिले मोठ्या प्रमाणावर दगावत. सागरी माशांना आवश्यक असलेली दीर्घशृंखल असंतृप्त मेदाम्ले तिच्यात पुरेशी नसतात, हे पुढे लक्षात आले. त्यामुळे खाऊ घालण्यापूर्वी आर्टेमियाला मेदयुक्त पोषण देऊन ‘समृद्ध’ करण्याची पद्धत रूढ झाली.

प्रौढांच्या बाबतीत गोठवलेल्या मायसिड कोळंबीने मोठा बदल घडवला. समुद्रातून पकडलेला समुद्रघोडा बहुधा हलणारेच अन्न घेतो. टाकीत जन्मलेला समुद्रघोडा मात्र गोठवलेले अन्न स्वीकारण्यास शिकतो. १९९८ च्या सुमारास हवाई आणि टास्मानिया येथे समुद्रघोड्यांची व्यावसायिक पैदास केंद्रे उभी राहिली, तेव्हा त्यांच्या यशाचा पाया हाच होता. पाणी सुटल्यानंतर सुमारे चार दशकांनी अन्नाचा प्रश्न सुटला. ‘समुद्रघोडा घरी जगत नाही’ हे विधान त्यानंतरच खोटे ठरू लागले.

६. भारतातील व पश्चिम किनाऱ्यावरील प्रयत्न

भारतात सार्वजनिक सागरी मत्स्यालयाची सुरुवात १९०९ मध्ये मद्रास येथे झाली. मुंबईत मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. सुमारे आठ लाख रुपये खर्चाच्या या वास्तूस डी. बी. तारापोरवाला यांची दोन लाख रुपयांची देणगी लाभली होती. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडे असलेल्या या मत्स्यालयाने महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांना समुद्रातील जीवन प्रथम दाखवले. २०१५ मध्ये नूतनीकरणानंतर ते पुन्हा खुले झाले. खानदेशातून मुंबईच्या सहलीला गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी जिवंत सागरी मासा पाहण्याचे ठिकाण दीर्घकाळ हेच होते.

प्रदर्शनापलीकडे संगोपनाचे शास्त्र घडले ते संशोधन संस्थांत. रत्नागिरी येथे १९५८ पासून सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र कार्यरत असून १९८१ मध्ये शिरगाव येथे मत्स्य महाविद्यालय सुरू झाले. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ‘हिप्पोकॅम्पस कुडा’च्या पिलांच्या प्रयोगशाळेतील संगोपनाचे अनुभव १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने (स्थापना १९६६) पुढील काळात याच जातीचा सातत्याने अभ्यास केला. या अभ्यासासाठी प्रजननक्षम समुद्रघोडे रत्नागिरीजवळील शिरगाव खाडीतून घेण्यात आले होते. म्हणजेच ज्या प्राण्याला विद्यार्थी परदेशी कुतूहल समजतो, तो महाराष्ट्राच्याच खाड्यांतील रहिवासी आहे.

७. अधिकाराचा प्रश्न

संगोपनाचे ज्ञान परिपक्व होत असतानाच समुद्रघोड्यांच्या व्यापाराचे स्वरूप पुढे आले. अमांडा व्हिन्सेंट यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९९५ साली जगात किमान दोन कोटी समुद्रघोड्यांचा व्यापार झाला. त्यांतील फार मोठा भाग वाळवून पारंपरिक चिनी औषधांसाठी आणि लाखोंच्या संख्येतील जिवंत समुद्रघोडे मत्स्यटाक्यांसाठी विकले जात. भारतात मुख्यतः तामिळनाडूच्या पाल्कच्या उपसागरात आणि मन्नारच्या आखातात हे प्राणी पकडले जात.

या पार्श्वभूमीवर जुलै २००१ मध्ये केंद्र शासनाने समुद्रघोडे व त्यांच्या कुळातील अन्य माशांचा समावेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत केला. नोव्हेंबर २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात संपूर्ण वंशाचा समावेश झाला आणि १५ मे २००४ पासून तो अमलात आला. अधिनियमातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिने अनुसूचींची फेररचना केली आणि साइट्स करारातील प्रजातींचे जिवंत नमुने बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधनही आणले.

याचा परिणाम असा की, परदेशात टाकीत जन्मलेला समुद्रघोडा हौशी पाळणाऱ्याच्या घरी पोहोचू लागला त्याच सुमारास भारतात तो घराच्या मर्यादेबाहेर गेला. हा निर्णय समर्थनीय होता. समुद्रातून पकडलेल्या समुद्रघोड्याची घरातील सरासरी परिणती मृत्यू हीच होती आणि प्रत्येक मृत्यूची जागा समुद्रातून आणलेल्या दुसऱ्या प्राण्याने भरली जात असे. तथापि कायद्याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने २१ देशांत दरवर्षी सुमारे ३ कोटी ७० लाख समुद्रघोडे अन्य मासळीसोबत जाळ्यांत सापडत असल्याचा अंदाज मांडला. ट्रॉलरचे जाळे अनुसूची वाचत नाही. हौस आणि व्यापार यांना आळा घालणारा कायदा या अनाहूत पकडीला पुरेसा आळा घालू शकत नाही. त्यासाठी ट्रॉलिंगचे क्षेत्र व काळ यांचे नियमन आवश्यक ठरते.

८. आजचे संगोपननिकष आणि नंदुरबारची परिस्थिती

परवानगीप्राप्त संस्थांनी पाळावयाचे निकष आज बरेचसे निश्चित आहेत. टाकी लांबीपेक्षा उंचीला महत्त्व देणारी असावी. तिची उंची प्रौढ प्राण्याच्या लांबीच्या किमान तिप्पट आणि एका जोडीसाठी पाणी शंभर लिटरांहून अधिक असावे. शेपटीने धरण्यासाठी आधार हवेत. प्रवाह मंद असावा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असावे. उष्ण कटिबंधीय जातींसाठी तापमान सुमारे २२ ते २५ अंश सेल्सियस राखावे, कारण पाणी तापले की व्हिब्रिओ जिवाणूंचा संसर्ग बळावतो. अन्न दिवसातून किमान दोन वेळा, पिलांना त्याहून अधिक वेळा द्यावे आणि उरलेले त्वरित काढून टाकावे. नव्या प्राण्यास विलगीकरणात ठेवावे. चपळ मासे, खेकडे व डंख करणारे प्रवाळ सोबत ठेवू नयेत.

हे निकष नंदुरबारला लावून पाहिले असता प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. उन्हाळ्यात येथील तापमान ४० अंशांच्या वर जाते. म्हणून पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय टाकी राखणे अशक्य आहे. ते यंत्र, पाण्याचा पंप आणि हवा पुरवणारे साधन हे सर्व विजेवर चालते. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने अनुभवलेले भारनियमन आठवले, तर काही तासांच्या खंडित पुरवठ्यात अशा टाकीचे काय झाले असते हे वेगळे सांगावे लागत नाही. गोठवलेल्या अन्नासाठी शीतसाखळी लागते. म्हणजे गॉस यांच्या चार क्षारांनी समुद्र आतल्या प्रदेशात आणला, तरी त्याला जिवंत ठेवण्याचा दैनंदिन खर्च व शिस्त त्या क्षारांबरोबर येत नाही.

९. महाविद्यालयांपुढील कार्य

या इतिहासातून महाविद्यालयीन अध्यापनासाठी तीन बाबी पुढे येतात. पहिली बाब बरणीतील नमुन्यांची. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदनास पर्याय शोधण्याच्या मार्गदर्शक सूचना दिल्या आणि २०१४ मध्ये त्या अधिक कठोर केल्या. परंतु जुने जतन केलेले नमुने अनेक प्रयोगशाळांत आहेतच. संरक्षित प्रजातींच्या मृत नमुन्यांच्या ताब्यासही अधिनियमाचे निर्बंध लागू होतात. त्यामुळे अशा नमुन्यांची साठानोंद, प्राप्तीचे वर्ष आणि स्रोत यांची तपासणी करून वन विभागाचा सल्ला घेणे आणि नवी खरेदी टाळणे इष्ट ठरते.

दुसरी बाब प्रात्यक्षिकाची. समुद्रघोडा न पाळताही त्याच्या संगोपनातील निर्णायक पायरी विद्यार्थ्यांना दाखवता येते. आर्टेमियाची अंडी मिठाच्या पाण्यात, हवेचा पुरवठा व प्रकाश देऊन सुमारे चोवीस तासांत कोणत्याही प्रयोगशाळेत उबवता येतात. क्षारता मोजणे, अमोनियाचे परीक्षण करणे, जिवाणूंद्वारे होणारे नायट्रीकरण आठवड्यागणिक नोंदवणे ही प्रात्यक्षिके तापीच्या खोऱ्यातील गोड्या पाण्याच्या मत्स्यसंवर्धनासही तितकीच उपयोगी आहेत.

तिसरी बाब दृष्टिकोनाची. ‘हा मासा नाजूक आहे’ असे शिकवण्याऐवजी ‘या माशाची गरज माणसाला उशिरा समजली’ असे शिकवणे इतिहासाला धरून होईल. प्राण्याच्या मृत्यूचे कारण त्याच्या स्वभावात शोधण्याची सवय पाळीव पशुपक्ष्यांपासून मत्स्यशेतीपर्यंत सर्वत्र आढळते. समुद्रघोड्याचा इतिहास ही सवय तपासण्याचे चांगले साधन आहे.

१०. निष्कर्ष

(१) समुद्रघोड्याच्या संगोपनातील दीर्घकाळचे अपयश हे मुख्यतः पाण्याचे नसून अन्नाचे होते. ही बाब उशिरा लक्षात आल्याने असंख्य प्राणी स्वच्छ पाण्यात उपासमारीने मेले.
(२) १८५४ च्या कृत्रिम समुद्रजलाने सागरी मत्स्यटाकी किनाऱ्यापासून मुक्त केली. परंतु तापमान, वीज आणि अन्न यांच्या मर्यादा नंदुरबारसारख्या जिल्ह्यात कायम राहिल्या.
(३) भारतात २००१ च्या संरक्षणामुळे घरगुती पालनाचा मार्ग बंद झाला आणि संगोपनाचे ज्ञान संशोधन संस्थांपुरते मर्यादित झाले. संरक्षण योग्यच आहे. मात्र अनाहूत पकडीचा प्रश्न त्याने सुटलेला नाही.
(४) समुद्रघोडा घरी किंवा महाविद्यालयात आणण्याची आवश्यकता नाही. त्याला जगवण्यासाठी लागलेले ज्ञान मात्र वर्गात आणणे आवश्यक आहे. रत्नागिरीच्या खाडीत जगणारा हा प्राणी नंदुरबारच्या विद्यार्थ्याला केवळ फॉर्मालिनमध्ये भेटत राहिला, तर त्याच्या रक्षणाचे महत्त्व त्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचणे कठीण आहे.